ताटावर हात यायच्या आत

चाळीस वर्षं फुटबॉलची मॅच अर्धीच बघणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत एकच असेल, आणि तो नोव्हाय नावाच्या गावात आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर राहत होता. अर्धी म्हणजे हाफटाइमपर्यंत नव्हे. काका पहिल्या मिनिटाला टीव्हीसमोर असत, शेवटच्या मिनिटालाही असत. मध्ये मात्र आपल्या टीमकडे बॉल आला की उठून जात. "आता काय बघायचंय? बॉल आपल्याकडे आहे," म्हणत. इथल्या त्या हेल्मेटवाल्या फुटबॉलमध्ये लोक ज्यासाठी घसा फोडून ओरडतात, ते बॉल घेऊन पळणं, लांब फेकणं, टचडाउन, यात काकांना काडीचा रस नव्हता. बॉल समोरच्यांकडे असताना आपली पोरं त्यांना कशी अडवतात, तेवढंच ते बघत. तोही कॉलेजचाच फुटबॉल. "पगार घेऊन कोणीही धावतं," असं छत्तीस वर्षं इमानेइतबारे पगार घेतलेले काका मला सांगत. काकूंचं म्हणणं असं, की शनिवारी घरात किती काम होणार ते टीमवर अवलंबून. टीमने बॉल दाबून ठेवला की कपड्यांच्या घड्या होत, कुंड्यांना पाणी मिळे, गवार मोडून होई. बॉल पटकन गेला की सगळं जिथल्या तिथे. एकदा टीम जिंकल्याचं ऐकून मी अभिनंदन करायला गेले, तर काकू म्हणाल्या, "अगं, स्कोअर मला ठाऊक नाही, पण मेथीच्या चार जुड्या निवडून झाल्यात, म्हणजे जिंकले असतील."

मी नागपूरची. आमच्याकडे खेळ म्हणजे क्रिकेट, आणि त्यात कोण कोणाच्या अंगावर का पडलंय असा प्रश्न निदान पडत नाही. काकांनी मला फुटबॉल शिकवला तो साबुदाण्याच्या खिचडीच्या प्लेटमध्ये. शेंगदाणे ही त्यांची माणसं, बटाट्याच्या फोडी आपली. "हा मागे उभा आहे ना, हा क्वार्टरबॅक. बॉल याच्या हातात. हा दोन पावलं मागे सरकणार, मान वर करून बघणार आणि लांब फेकणार. त्याला बघायला वेळ मिळाला की आपण मेलो. म्हणून आपला एक जण धावत जाऊन, त्याने फेकायच्या आत त्याला गाठणार. हा पास रशर." बटाट्याची फोड शेंगदाण्यांच्या रांगेला वळसा घालून गेली आणि मुख्य शेंगदाणा काकांनी तोंडात टाकला. "आता साधा रशर रोज एकाच वाटेने जातो. दोनदा जमतं, तिसऱ्यांदा समोरचा वाट अडवून बसतो. पण एखादा पोरगा असा निघतो मनीषा, की तो कडेनेही येतो, मधल्या फटीतूनही घुसतो, आणि कधी येतोय येतोय असं दाखवून मागे सरकतो आणि फेकलेला बॉलच अडवतो. असा पोरगा हाती लागणं म्हणजे..." इथे काकांचा आवाज भरून आला. काकू म्हणाल्या, "आधी ती खिचडी खा, गार होतेय."

त्या सुमारास आमच्या इथल्या विद्यापीठाच्या टीममध्ये तसा एक पोरगा आला होता. टीमचं नाव मी लिहीत नाही, कारण काका तिथल्या कोचबद्दल जे बोलत ते पुढे येणार आहे. काका त्या खेळाडूला 'आपला मुलगा' म्हणत. "आपल्या मुलाचा घोटा दुखावलाय," असं त्यांनी देवळात कोणाला तरी सांगितलं, तेव्हा दोन बायका काकूंकडे हळदीचा लेप घेऊन आल्या होत्या. खरं म्हणजे काकांना एकच मुलगी, खाली दक्षिणेत अर्विंगला असते. ती फोनवर म्हणे, "आई, बाबा त्याच्याबद्दलच बोलतायत का? देन आय विल कॉल लेटर."

काकांचं दुखणं असं होतं, की कोच या पोराला नासवतोय. पोराला सगळं येतं म्हणून त्याला सगळंच करायला लावायचं! आता कडेने जा, आता मध्ये घुस, आता मागे पळ. शेवटी शेवटी पोरगा कमरेवर हात ठेवून तोंडाने श्वास घेत उभा राही आणि काका इकडे खुर्चीत तळमळत. खुर्ची म्हणजे गाडीची सीट. आयुष्यभर त्यांनी गाड्यांच्या सीटा डिझाइन केल्या, त्यातली एक नापास झालेली सीट बेसमेंटमध्ये लाकडी चौकटीवर बसवली होती आणि मॅच ते त्या सीटवरून बघत, बेल्ट लावून. मी विचारलं, बेल्ट कशाला? तर म्हणाले, "नाहीतर मी टीव्हीत जाईन." दर रविवारी सकाळी ते कोचला पत्र लिहीत. आलेखाच्या कागदावर, वरून कसं दिसतं, बाजूने कसं दिसतं, खाली स्केल. सार एकच: अष्टपैलू माणसाला विश्रांती द्या, आणि दर वेळी पळवू नका. "त्याला नुसता उभा केला तरी समोरचे दोन जण त्याच्यावर डोळा ठेवतात. तेवढ्यात दुसरा एखादा साधा पोरगा मोकळा सुटतो. असा माणूस काही करत नसतो तेव्हाच त्याचा अर्धा उपयोग होत असतो, हे त्या गाढवाला कोण सांगणार?" पत्रात अर्थात गाढव हा शब्द नसे. दोन वर्षांत कोचच्या ऑफिसातून एकच उत्तर आलं, वेळापत्रक छापलेला फ्रिजवर लावायचा मॅग्नेट. काकांनी तो सगळ्यांना दाखवला. "पोच आली," म्हणाले.

हे शनिवारपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण काकांना अख्खं जगच असं दिसे. इंडियन ग्रोसरीत गर्दी असली की ते स्वतः एका काउंटरच्या रांगेत, काकूंना दुसऱ्या रांगेत, आणि मला रिकामी ट्रॉली देऊन तिसऱ्या रांगेच्या तोंडाशी उभं करत. "आपण कुठून येणार हे त्यांना कळता कामा नये." मी म्हणायची, "कोणाला काका? ते बिचारे बिल करतायत!" घरी जेवायला बोलावलं की मग तर विचारूच नका. आपण बेसावधपणे काकूंशी बोलत असावं, आणि डाव्या खांद्यावरून गुपचूप एक पुरणपोळी ताटात पडावी. वळून बघावं तर काका तिथे नाहीत. ते उजवीकडे तुपाची वाटी घेऊन. माझा नवरा त्यांच्याकडे जायच्या दिवशी सकाळी जेवतच नसे.

आता मुख्य गोष्ट. आमच्या महाराष्ट्र मंडळाचा गणपती सप्टेंबरातल्या एका शनिवारी एका शाळेच्या हॉलमध्ये असतो आणि जेवण खाली कॅफेटेरियात. काकांनी आणि त्यांच्या पिढीतल्या चार जणांनी कधीकाळी तिथे पंगत सुरू केली, ती चालू होती. लांब टेबलांवर ताटं मांडायची, लोकांनी बसायचं आणि आपण फिरून वाढायचं. वरण-भात, बटाट्याची भाजी, पुऱ्या, मसालेभात, जिलबी, मठ्ठा. माणसं दोनशेच्या वर, म्हणून तीन पंगती. शाळेची अट अशी की तीन वाजता कॅफेटेरिया रिकामा. दर वर्षी थोडा उशीर होई, पण एका वर्षी शेवटची पंगत उठायलाच सव्वाचार वाजले, आणि शाळेचा कस्टोडियन, म्हणजे दारं, दिवे, किल्ल्या, फरशी सगळं सांभाळणारा तो साडेसहा फुटी माणूस, सव्वा तास दाराशी हाताची घडी घालून उभा होता. सोमवारी शाळेकडून कडक ईमेल आली. त्यात चूक आमचीच होती, त्यामुळे बोलायला जागा नव्हती.

मंडळाचा अध्यक्ष निखिल, पुण्याचा, पस्तिशीचा, कामाला वाघ. त्याने मिटिंग घेतली आणि स्क्रीनवर आकृत्या लावून सांगितलं, "लॉजिस्टिकली पंगत आता पॉसिबल नाही यार. बुफे करू. वन अवर, डन. लोक आपल्याला हवं तेवढं घेतील, कोणी मागे लागणार नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, खोटं कशाला बोलू. मग काका उठले. त्यांच्या हातात आलेखाचा कागद होता. "उशीर वाढण्याने होत नाही," काका म्हणाले. "मी मोजलंय. उशीर 'नको-नको'ने होतो. वाढणारा जिलबी घेऊन जातो, समोरचा ताटावर हात धरतो. नको, अहो घ्या, नको हो, अर्धी तरी, डायबेटिस आहे, एकीने काय होतंय. एका ताटापाशी पाऊण मिनिट. तुम्ही क्वार्टरबॅकला बघत बसायला वेळ देताय!" निखिल म्हणाला, "काका, मग सिंपल आहे. नको म्हटलं की पुढे जायचं."

काकांनी हातातल्या कागदाची घडी केली. मग त्यांनी जे सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. ते इथे शिकायला आले त्या पहिल्या वर्षी थंडीत त्यांच्या प्रोफेसरांनी घरी जेवायला बोलावलं होतं. काका मिरजेचे, शाकाहारी, आठ दिवस ब्रेडवर काढलेले. टेबलावर त्यांना चालणारा एकच पदार्थ, लोण्यातल्या बटाट्याचं मोठं भांडं. ते त्यांच्यापाशी आलं. पहिल्यांदा कोणी विचारलं की नाहीच म्हणायचं, असं आईने शिकवलेलं. काका हसून म्हणाले, "नो, थँक यू." भांडं पुढच्या माणसाकडे गेलं. काका वाट बघत बसले. ते भांडं सगळ्या टेबलाला फिरलं, आणि परत काही आलं नाही. "चांगली माणसं होती रे," काका म्हणाले. "मी नाही म्हणालो, त्यांनी मान ठेवला. इथे तसंच करतात. मी उपाशी." जेवण झाल्यावर सगळे टीव्हीपुढे बसले, मॅच लागली होती. काकांना एक अक्षर कळत नव्हतं. पण एक पोरगा त्यांना दिसला. त्याला समोरचे दोघं ढकलून देत होते, आणि तो पुन्हा येत होता. डावीकडून नाही जमलं तर उजवीकडून, नाहीतर मधून. "मला वाटलं, हा आमच्याकडचा आहे. हा नाही ऐकून घेत नाही." काका खाली बसता बसता म्हणाले, "बुफेत पोट भरतं. पण 'अजून काय वाढू' असं दुसऱ्यांदा विचारायला या देशात आपल्याला दुसरी जागा नाही. एवढी एक ठेवा."

शेवटी असं ठरलं: पुढच्या वर्षी एक संधी. तीन वाजायच्या आत तिन्ही पंगती उठल्या तर पंगत राहील. नाहीतर कायमचा बुफे. निखिलने ते मिटिंगच्या मिनिट्समध्ये लिहून घेतलं आणि सगळ्यांना पाठवलं.

काकांनी तयारी ऑगस्टपासून सुरू केली, त्यांच्या गॅरेजमध्ये. आणि त्यांचा अष्टपैलू पास रशर म्हणून त्यांनी कोणाला निवडावं? मला! वय बेचाळीस, उंची पाच फूट एक इंच, डावा गुडघा पाऊस यायच्या आदल्या दिवशी दुखणारा. मी म्हटलं, "काका, मंडळात सहा फुटी पोरं पडली आहेत." तर म्हणाले, "ती दुरून दिसतात. तू बसलेल्या माणसाच्या नजरेखालून येतेस." टेबल मांडलं, वीस ताटं मांडली, पाहुण्याच्या जागी काकू. काकू सत्तरीच्या, पण ताटावर हात ठेवण्यात अशा तरबेज, की पहिल्या दिवशी मला एक जिलबी वाढता आली नाही. काका हातात स्टॉपवॉच घेऊन ओरडत, "ताटाकडे बघू नकोस! खांद्याकडे बघ! हात यायच्या आधी खांदा हलतो!" मग त्यांनी मला वाटा शिकवल्या. एकदा डावीकडून. एकदा टेबलाच्या पलीकडून, दोघांच्या मधल्या फटीतून. एकदा जिलबीची परात घेऊन आल्यासारखं करायचं, पाहुण्याने हात ताटावर धरला की शांतपणे त्याच्या मोकळ्या पेल्यात मठ्ठा ओतायचा, आणि तो पेला उचलायला हात काढेल त्या क्षणी जिलबी. हे मला एकदा साधलं तेव्हा काकूंनी टाळ्या वाजवल्या. ऑफिसात इतकी वर्षं टेस्टिंग करते, माझ्यासाठी कोणी कधी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन नवऱ्याच्या ताटावर तीन वेळा प्रयोग केला.

गणपतीचा शनिवार उजाडला. त्याच दुपारी आपल्या मुलाची मोसमातली मोठी मॅच होती. काकांनी फोन बंद करून काकूंच्या पर्सच्या तळाशी टाकला आणि सगळ्यांना बजावलं, स्कोअर सांगणाऱ्याला जिलबी नाही. बारा वाजता पहिली पंगत बसली. काका टेबलांच्या टोकाशी उभे, गळ्यात स्टॉपवॉच. दाराशी कस्टोडियन उभा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातांची गेल्या वर्षीचीच घडी. आम्ही हातात ते प्लास्टिकचे मोजे चढवले आणि सुटलो. काय सांगू! मी अशी सुटले की मलाच मी ओळखू येईना. लोकांच्या हातांना पत्ता लागत नव्हता. डायबेटिसवाले, डाएटवाले, "आत्ताच खाऊन आलो"वाले, सगळ्यांच्या ताटात जिलबी, आणि मग ती खाताना सगळे मान हलवून हसत. पहिली पंगत सत्तेचाळीस मिनिटांत उठली. दुसरी त्याहून लवकर. पण दुसरी आणि तिसरीच्या मध्ये आरती लांबली, कारण आमच्याकडे एकाने सुरू केली की दुसरा पुढची उचलतो. तिसरी पंगत बसली तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. बसणारे सगळे जुने, मुरलेले लोक. पहिल्या दोन पंगतींत काय चाललंय ते त्यांनी जिन्यावरून बघितलेलं.

आणि इथे काकांचा तोल गेला. चाळीस मिनिटं उरलेली, आणि मी एवढी छान खेळतेय. "मनीषा, भात!" मी भाताची बादली उचलली. "मनीषा, त्या टोकाला पुऱ्या!" मी पळाले. "इकडे मठ्ठा! जिलबी, मनीषा, जिलबी! अगं, वरण कोण देणार?" मी एका हातात परात आणि दुसऱ्या हातात ओगराळं घेऊन त्या टेबलांमधून अशी पळत होते, की कुठला पदार्थ कुठे चाललाय ते मला कळेना. गुडघा बोलायला लागला. एका सभ्य गृहस्थांच्या मठ्ठ्याच्या पेल्यात मी ओगराळंभर मसालेभात वाढला. ते बिचारे "चालेल, चालेल" म्हणाले. बाकीचे वाढणारे जागच्या जागी उभे, कारण सगळ्या हाका मलाच. आणि लोकांनी तर मी दिसायच्या आधीच ताटावर दोन्ही हात धरलेले. रांग तुंबली. दोन पस्तीस. निखिल घड्याळाकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. मी भिंतीला टेकले आणि कमरेवर हात ठेवून तोंडाने श्वास घ्यायला लागले.

काकू कोशिंबिरीचं पातेलं घेऊन काकांच्या शेजारी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, त्या कोचला दोन वर्षं पत्रं लिहिताय. आज तुम्हाला कोण लिहिणार?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. ते चालत माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "चुकलं माझं." आमच्या लोकांत त्या वयाचा माणूस हे दोन शब्द कोणाला म्हणत नाही. मग त्यांनी माझ्या हातातलं ओगराळं काढून घेतलं. "परात घे आणि मधल्या टेबलाच्या तोंडाशी जाऊन उभी राहा. वाढू नकोस. नुसती उभी राहा आणि एकेकाकडे बघ." मी म्हटलं, "आणि जिलबी?" काकांनी वळून हाक मारली, "निखिल!"

निखिलने जन्मात कोणाला काही वाढलं नव्हतं. तो म्हणाला, "काका, मी? आय विल ड्रॉप इट." काकांनी त्याच्या हातात दुसरी परात दिली. मी मधल्या टेबलाशी जाऊन उभी राहिले, गुडघे जरा वाकवले आणि एका आजोबांच्या खांद्याकडे रोखून बघितलं. त्यांनी दोन्ही हात ताटाकडे नेले, पण मी हललेच नाही. मग त्यांनी बावचळून हात काढले आणि मी कुठून येणार ते मान वळवून बघायला लागले. त्यांच्या शेजारचे बघायला लागले. बघता बघता सगळं टेबल माझ्याकडे तोंड करून बसलं, जेवण सोडून, ताटं उघडी टाकून. आणि त्यांच्या पाठीमागून आमचा मंडळाचा अध्यक्ष, बुफेचा पुरस्कर्ता, चवड्यांवर चालत, कानापर्यंत लाल होऊन, एकेकाच्या ताटात जिलबी सोडत गेला. बाकीच्यांना वाट मोकळी झाली, भात गेला, पुऱ्या गेल्या. पहिल्या माणसाला ताटात जिलबी दिसली तेव्हा निखिल सातव्यापाशी पोचला होता. असा हशा उसळला म्हणता! दाराशी कस्टोडियनही हसत होता. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, तो शाळेत असताना डिफेन्समध्ये, म्हणजे अडवणाऱ्यांतच खेळायचा. मग काकांकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "हू इज युवर कोच?"

तीन वाजायला आठ मिनिटं असताना शेवटचं ताट उचललं गेलं. निखिलने हातातले मोजे काढलेच नाहीत, रिकामी परात घेऊन फिरत होता. "काका, पुढच्या वर्षी जिलबी माझ्याकडे," म्हणाला. बुफेचा विषय त्यानंतर आमच्या मंडळात कोणी काढला नाही.

पंगत आम्ही अजून दर वर्षी करतो आणि वेळेत करतो. काका मात्र आता इथे नाहीत. काकूंना इथला बर्फ झेपेना, म्हणून त्याच हिवाळ्यात दोघं अर्विंगला लेकीकडे गेले. 'आपला मुलगा'ही कॉलेज संपवून गेला. कॉलेजचा खेळाडू चार वर्षांचाच असतो, काका म्हणत, लळा लावून जातो. दोघं मजेत आहेत. मी फोन करून पंगतीची मिनिटं सांगते, ते कुठे चुकलं ते सांगतात. सगळं छान चाललंय. तरी शनिवारी दुपारी कोपऱ्यावरून गाडी वळवताना मला काहीतरी चुकल्यासारखं होतं, आणि त्या दिवसाची शेवटची दहा मिनिटं आठवतात.

वाढणाऱ्यांची पंगत शेवटी बसते. कस्टोडियनने घड्याळ बघून आपण होऊन पंधरा मिनिटं दिली होती. काका बसायला तयार नव्हते, काकूंनी हाताला धरून बसवलं. मग मी आणि निखिल परात घेऊन त्यांच्यावर चालून गेलो. मी डावीकडून, तो उजवीकडून. छे! ज्यांनी वाटा शिकवल्या त्यांना कोण गाठणार? आमचे खांदे हलायच्या आत त्यांचे हात ताटावर. आम्ही चार वेळा गेलो, चार वेळा परत आलो, आणि काका लहान मुलासारखे खिदळत होते. तेवढ्यात कस्टोडियन पुढे आला. त्याने माझ्या हातातली परात घेतली, काकांपाशी वाकला आणि आदबीने विचारलं, "सर? वन मोअर?"

काका वर बघत राहिले. त्यांचं हसणं थांबलं. ताटावरचे दोन्ही हात त्यांनी काढून मांडीवर ठेवले आणि अगदी हळू, शहाण्या विद्यार्थ्यासारखे म्हणाले, "नो, थँक यू."

आणि मान खाली घालून वाट बघत बसले. तो माणूस सरळ झाला, परात घेऊन एक पाऊल पुढे गेला. त्याचं काय चुकलं? त्याला नाही म्हटलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं, पण तो माझ्याकडे बघत नव्हता. तो काकांच्या मांडीवरच्या हातांकडे बघत होता. बारा वाजल्यापासून तो दाराशी उभं राहून तीन पंगती बघत होता. तो काकांच्या खुर्चीला वळसा घालून दुसऱ्या बाजूने आला, आणि त्याने ताटात दोन जिलब्या ठेवल्या.

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. काकांनी जिलबीचा तुकडा मोडला आणि सावकाश दोन्ही संपवल्या.